कोणतं वडगाव? गावांची मोठी यादी स्क्रिप्टने दर वेळी नव्याने वाचू नये म्हणून केलेली खटपट

फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या नेत्रतपासणी शिबिरात एक आजी आल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पूर्ण पिकलेला. त्यांच्या फॉर्मवर गावाच्या रकान्यात एवढंच लिहिलं होतं: वडगाव. तालुक्याचा रकाना कोरा. शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर निरोप आमच्या यादीतल्या पहिल्या वडगावच्या आशा सेविकांकडे गेला. त्यांनी दोन दिवस चौकशी केली आणि कळवलं, या नावाच्या आजी आमच्याकडे नाहीत. आजी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या वडगावच्या होत्या, लेकीकडे म्हणून सोलापूरला आल्या होत्या. तारीख हुकली. पुढची मिळायला सव्वा महिना गेला.

मी हे शिबिर घेणाऱ्या संस्थेत हिशेब बघते आणि जमेल तेवढं संगणकाचंही बघते. गावाच्या नावावरून गावाचा कोड शोधणारी छोटी स्क्रिप्ट (पायथन भाषेतला प्रोग्रॅम) माझीच होती, त्यामुळे ही चूक माझ्या यादीची होती. यादीत फक्त सोलापूर जिल्ह्यातली अकराशेच्या आसपास गावं. आजींचं खरं गाव त्यात असणं शक्यच नव्हतं, आणि नाव जुळलं म्हणून स्क्रिप्टने हाताशी असलेलं वडगाव देऊन टाकलं होतं.

ते दुरुस्त करायला घेतलं आणि त्यातून जे नवं संकट उभं राहिलं, ते सोडवायला मार्च ते जून असे चार महिने गेले. एखादी मोठी यादी दर वेळी नव्याने वाचणाऱ्या स्क्रिप्टशी तुम्हीही झगडत असाल तर तुमचा वेळ वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे, चुकांसकट.

आधी यादीबद्दल. २०११ च्या जनगणनेत देशातल्या प्रत्येक गावाला सहा आकडी कोड मिळाला. पंचायती राज मंत्रालयाची ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’ म्हणून साइट आहे, बोलताना सगळे एलजीडी म्हणतात. तिथून राज्यवार गावांच्या फायली उतरवता येतात: राज्य निवडायचं, कॅप्चा भरायचा, फाइल घ्यायची. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि गोवा मिळून सुमारे ८५ हजार गावं झाली. आमच्याकडे अक्कलकोटच्या पलीकडून, कर्नाटकातल्या आळंद-अफजलपूरकडून खूप रुग्ण येतात, आणि आषाढीला पंढरपुरात शिबिर असतं तेव्हा तर कुठून कुठून वारकरी येतात, म्हणून चार राज्यं.

पण ८५ हजारांवर भागत नाही. माणसं गावाचं नाव एकाच तऱ्हेने लिहीत नाहीत. बुद्रुक, बु., बु॥, नुसतंच ‘मोठं’, खुर्द, खु., ‘लहान’. कोणी आधी ‘मौजे’ लावतं, कोणी ‘मु.पो.’. कऱ्हाडला कराड. धाराशिव लिहिणारे आहेत तसे अजून उस्मानाबाद लिहिणारे आहेत, कलबुर्गी आणि गुलबर्गा दोन्ही येतात, विजयपूर आणि विजापूरही. आमच्याकडे स्वयंसेवक म्हणून येणारे एक निवृत्त तलाठी आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी चार रविवार माझ्याशेजारी बसून ही रूपं सांगितली. नाव एकटं, नाव आणि तालुका, नाव आणि जिल्हा, देवनागरीत आणि रोमनमध्ये, असं करत एका गावामागे सरासरी ३४-३५ रूपं झाली. एकूण २९ लाख ४० हजार ओळी. प्रत्येक ओळीत डावीकडे नाव, उजवीकडे कोड.

२ मार्चच्या रविवारी शिबिर झालं, १८० फॉर्म आले. सोमवारी एन्ट्री सुरू झाली आणि अकराच्या सुमारास मुलींनी मला बोलावलं. ‘सेव्ह’ दाबलं की स्क्रीन गोठून बसत होती. घड्याळ लावलं: ३४ सेकंद. प्रत्येक फॉर्मला. १८० फॉर्मचे १०२ मिनिटं नुसती वाट बघण्यात.

कारण उघड होतं. आमचा एन्ट्रीचा फॉर्म पूर्वी कोणीतरी बनवून दिलेला आहे, त्यात मला फारसा हात घालता येत नाही. त्याची रीत अशी: सेव्ह दाबलं की तो माझी स्क्रिप्ट नव्याने सुरू करतो, गावाचं नाव देतो, कोड घेतो आणि स्क्रिप्ट संपते. पुढच्या फॉर्मला पुन्हा पहिल्यापासून. एक नाव विचारायचं म्हणून स्क्रिप्ट २९ लाख ओळी वाचत होती, प्रत्येक नाव साफ करत होती, सगळ्याची डिक्शनरी (नाव दिलं की कोड देणारी पायथनची रचना) रचत होती, त्यातली एक नोंद बघत होती आणि मग आख्खी डिक्शनरी टाकून देत होती.

५ मार्चला मी ते नीट मोजलं. यादी वाचायच्या आधी आणि नंतर, शोधायच्या आधी आणि नंतर अशा चार ठिकाणी वेळ छापली. ३४ सेकंदांपैकी साडेतेहतीस यादी रचण्यात जात होते. प्रत्यक्ष शोधायला लागणारा वेळ इतका कमी की छापलेल्या आकड्यात शून्यच दिसला. तुमच्याकडे असं काही झालं तर पहिल्या दिवशी हे मोजा. मी मोजलं खरं, पण त्या आकड्याचा अर्थ लावताना चुकले. मला वाटलं, संगणक जुना आहे, मेमरी कमी पडते आहे.

तसा त्यात थोडा अंश होता. पायथनमध्ये प्रत्येक छोट्या शब्दाभोवतीही साठ-सत्तर बाइटचं वेष्टन असतं, त्यावर डिक्शनरीची स्वतःची जागा, यादीतल्या याद्यांची जागा. डिस्कवर दोनशे-सव्वादोनशे एमबी दिसणारी फाइल मेमरीत गेली की जवळजवळ ९०० एमबी खात होती. संगणकाची मेमरी ४ जीबी, त्यात ब्राउझर उघडा, त्यामुळे मेमरीत न मावणारा भाग डिस्कवर टाकणं आणि परत आणणं चालायचं.

म्हणून ७ मार्चला विश्वस्तांना अर्ज दिला: रॅमची ८ जीबीची पट्टी मिळावी. आमच्याकडे एक हजारावरच्या कोणत्याही खरेदीला तीन कोटेशन लागतात. दोन दुकानांनी लगेच दिली, तिसऱ्याने आठवडा लावला. १० तारखेची मासिक सभा तोवर होऊन गेली होती, पुढची एप्रिलमध्ये. मी अध्यक्षांना भेटून अडचण सांगितली तेव्हा त्यांनी सभेच्या मंजुरीच्या अधीन राहून परवानगी दिली. २५ मार्चला चेक मिळाला, १,९५० रुपये. पट्टी आणली, बिल लावलं, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद केली, २८ मार्चला दुकानदाराच्या मुलाने बसवून दिली. एक सूचना: कोटेशन मागायच्या आधी संगणक उघडून जुन्या पट्टीवरचा प्रकार लिहून घ्या. आमचं एक कोटेशन चुकीच्या प्रकारच्या पट्टीचं आलं होतं आणि ते बदलून घ्यावं लागलं, आठवडा गेला तो त्यातच.

पट्टी बसल्यावर ३४ चे २९ सेकंद झाले.

त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं. संस्थेचे पैसे म्हणजे कोणीतरी दहा-वीस रुपयांनी दिलेली देणगी असते. पट्टी वाया गेली नाही, संगणक एरवी चांगला चालू लागला, पण ज्यासाठी मागितली ते काम झालं नव्हतं. दोन दिवसांनी पाडवा होता. सुट्टीतही डोक्यात तेच.

पाडव्यानंतर पुढचा प्रयत्न: यादीची फाइल डिस्कवरून मेमरीतल्या डिस्कवर ठेवायची. लिनक्समध्ये ‘देव-एसएचएम’ नावाचा एक फोल्डर असतो, त्यात टाकलेली फाइल प्रत्यक्षात रॅममध्ये राहते. संगणक चालू आहे तोवर दोन चालण्यांच्या मध्ये ती तिथेच असते. मला वाटलं, झालं काम. २९ सेकंदांचे साडेअठ्ठावीस झाले. इथे मला पहिल्यांदा खरी गोष्ट कळली. डिस्क हा अडथळा नव्हताच. एकदा वाचलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टिम मोकळ्या रॅममध्ये आपणहून धरून ठेवते, म्हणजे दुसऱ्या वेळेपासून ती तशीही रॅममधूनच येत होती. वेळ जात होता तो ओळी तोडण्यात, नावं साफ करण्यात आणि डिक्शनरी रचण्यात. कच्चा माल कितीही जवळ आणून ठेवला तरी रोज नव्याने रांधावंच लागत होतं.

मग रांधलेलंच ठेवायचं ठरवलं. पायथनमध्ये ‘पिकल’ आहे: तयार झालेली डिक्शनरी जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवायची आणि पुढच्या वेळी तशीच उचलायची. ५ एप्रिलला केलं. २९ वरून ६ सेकंद! मुलींनी टाळ्या वाजवल्या. मलाही आठवडाभर वाटलं की प्रश्न सुटला.

पण आमच्याकडे तीन टेबलांवर एन्ट्री होते. संगणक एकच, बाकी दोन लॅपटॉप वायफायवरून त्याच्यावरचा फॉर्म उघडतात. तिघींनी एकाच वेळी सेव्ह दाबलं की तीन स्क्रिप्ट सुरू, प्रत्येकीची स्वतःची ९०० एमबीची डिक्शनरी. सहाचे पंधरा सेकंद व्हायला लागले. पिकल नाव साफ करण्याचं काम वाचवतो, पण २९ लाख वस्तू मेमरीत पुन्हा उभ्या कराव्याच लागतात. आणखी एक लक्षात ठेवा: दुसऱ्या कोणी दिलेली पिकल फाइल कधीही उघडू नका. ती उघडताना तिच्यात लपवलेला कोड चालू शकतो. स्वतः बनवलेली, स्वतःच्या संगणकावरची, तेवढीच.

एप्रिलच्या मध्यात ज्या उपायावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली तो म्हणजे सतत चालू राहणारा सेवक. एक वेगळा प्रोग्रॅम सकाळी सुरू होतो, यादी एकदाच वाचतो आणि बसून राहतो. फॉर्मने बोलावलेली छोटी स्क्रिप्ट त्याला सॉकेटवरून (दोन प्रोग्रॅमांना एकमेकांशी बोलायचा मार्ग) नाव विचारते, तो कोड सांगतो. तीन संध्याकाळी गेल्या, पण जमलं. उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत. तिघींनी एकदम विचारलं तरी डिक्शनरी एकच. पुस्तकांत आणि चर्चांत बहुतेक जण हाच रस्ता सांगतात, आणि ज्यांची यंत्रं चोवीस तास चालू असतात त्यांच्यासाठी तो चांगलाच आहे. रेडिस नावाचं तयार साधनही नेमकं हेच करतं, स्वतः लिहायची गरज नाही.

आमच्याकडे मात्र संध्याकाळी साडेसहाला संगणक बंद होतो आणि उन्हाळ्यात वीज जाते. २८ एप्रिलला दुपारी वीज गेली, आली, संगणक सुरू झाला. सेवक सिस्टिमडीखाली (लिनक्समध्ये प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारी व्यवस्था) लावला होता, त्यामुळे तो आपोआप उठला. पण उठून यादी वाचेपर्यंत अर्धं मिनिट जातं. तेवढ्यात एन्ट्री सुरू झाली होती. सेवक उत्तर देत नाही म्हणून माझी छोटी स्क्रिप्ट ‘सापडलं नाही’ असं सांगत होती, आणि फॉर्म गावाविनाच सेव्ह होत होते. त्या दिवशी सेवक दोनदा पडला आणि संध्याकाळी मला ४१ फॉर्म बिनकोडाचे मिळाले. एकेक कागद काढून पुन्हा भरले.

चूक विजेची नव्हती. ‘यादीत नाव नाही’ आणि ‘यादीच उपलब्ध नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी दोन्हींना एकच उत्तर दिलं होतं. पहिल्यात रुग्णाला पुन्हा विचारायचं असतं, दुसऱ्यात काम थांबवायचं असतं. तुम्ही कोणताही मार्ग घ्या, हे दोन संदेश वेगळे ठेवा. डोळ्याचा रुग्ण असा मधल्या मध्ये हरवू नये.

दुसरा त्रासही होता. अण्णांनी नवं रूप सांगितलं की मी यादीत भर घालायची, पण सेवकाच्या पोटात सकाळचीच यादी. तो पुन्हा सुरू करायचा म्हणजे पुन्हा अर्धं मिनिट. मध्ये एक दिवस ‘शेल्व्ह’ही करून पाहिलं, तो डिक्शनरीसारखाच वापरता येतो पण डिस्कवर राहतो. फाइल फार फुगली आणि लॅपटॉपवर नेली तर उघडेना, कारण आतली व्यवस्था यंत्रागणिक वेगळी असू शकते. तो तिथेच सोडला.

मे महिन्याच्या सुरुवातीला, शिबिरं नव्हती तेव्हा, मी शांतपणे विचार केला की मला नक्की काय हवं आहे. दोन चालण्यांच्या मध्ये यादी मेमरीत टिकवून ठेवायची, हाच माझा हट्ट होता. पण मला मेमरीत यादी नको होती. मला एका नावाचा कोड हवा होता.

एक प्रयोग केला. यादी नावाच्या क्रमाने लावून साधी मजकूर फाइल बनवली. स्क्रिप्टने ती फाइल उघडायची पण वाचायची नाही. थेट मधोमध उडी मारायची, तिथली ओळ बघायची. आपलं नाव त्याच्या आधी येतं की नंतर? मग त्या अर्ध्याच्या मधोमध. २९ लाख ओळींत असं जास्तीत जास्त २२ वेळा बघितलं की नाव सापडतं किंवा नाही हे नक्की होतं. पंचवीसेक ओळींचा कोड झाला. रात्री साडेदहाला चालवून पाहिला आणि उत्तर आलं तेव्हा मला वाटलं की जुनीच कुठली तरी स्क्रिप्ट चालली असावी. पुन्हा चालवली. पुन्हा तसंच. मार्चपासून मी ज्याची वाट बघत होते ते २२ ओळी वाचून होत होतं.

ती फाइल मी तशीच वापरली असती, पण भर घालायची तर क्रम पुन्हा लावायला हवा, आणि एका नावाची अनेक गावं असली की ओळींची मागेपुढे मोजदाद करावी लागते. हे सगळं आधीच नीट करून ठेवलेलं साधन म्हणजे एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, आज ते जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहे, आणि पायथनसोबत फुकट येतं. वेगळा सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल. ती फाइल चार-चार केबीच्या पानांत विभागलेली असते आणि पानं झाडासारखी एकमेकांना जोडलेली असतात. नाव शोधताना मुळापासून तीन-चार पानं वाचली की पुरतं. बाकीच्या २४० एमबीला हातही लागत नाही.

आणि दोन चालण्यांच्या मध्ये डेटा राहतो कुठे? तर वर सांगितलं तसं, ऑपरेटिंग सिस्टिम वाचलेली पानं मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवते. स्क्रिप्ट संपली तरी ती पानं जात नाहीत. तीन टेबलांवरून तीन स्क्रिप्ट आल्या तर तिघी तीच पानं वापरतात, तीन प्रती होत नाहीत. ‘देव-एसएचएम’च्या वेळी ज्याचा मला काही उपयोग झाला नव्हता, तेच इथे सगळं काम करत होतं.

फाइल बनवताना मात्र एक रात्र गेली. प्रत्येक ओळ घातल्यावर मी ‘कमिट’ लिहिलं होतं. कमिट म्हणजे ही ओळ डिस्कवर खरोखर उमटेपर्यंत थांब. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असं सेकंदाला वीसेक वेळाच होत होतं. रात्री नऊला लावलेलं काम सकाळी आठला बघितलं तर ११ तासांत ८ लाख ओळी. बंद केलं, कमिट शेवटी एकदाच ठेवलं, ओळी आधीच नावाच्या क्रमाने लावून घातल्या. पाऊण मिनिटात संपलं. तुम्ही करणार असाल तर या एका गोष्टीने तुमची रात्र वाचेल.

माझा तक्ता साधा आहे: नाव आणि कोड, दोन्ही मजकूर म्हणून. कोड संख्या म्हणून ठेवू नका, त्यांची बेरीज करायची नसते. एका नावाची अनेक गावं असतात म्हणून नाव आणि कोड मिळून प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख), आणि तक्ता ‘विदाउट रोआयडी’ या प्रकारचा, म्हणजे नावांचा क्रम हाच तक्ता होतो, शोधण्यासाठी वेगळी सूची (इंडेक्स) लागत नाही आणि फाइल लहान राहते. गावाचं, तालुक्याचं, जिल्ह्याचं नाव दुसऱ्या तक्त्यात, कोडवरून. रुग्णांची कोणतीही माहिती या फाइलमध्ये नाही, त्यामुळे ती कोणालाही निर्धास्त देता येते.

२० मेला मोजलं: सेव्ह दाबल्यापासून कोड येईपर्यंत ०.०६ सेकंद, त्यातला बराचसा वेळ पायथन स्वतः सुरू होण्याचा. सकाळी संगणक चालू केल्यावरचा पहिला शोध तेवढा अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो, कारण पानं अजून डिस्कवरच असतात.

जूनमध्ये दोन अडथळे आले. पहिला: एका लॅपटॉपवर फाइलचा पत्ता चुकला होता. एसक्यूलाइटला फाइल सापडली नाही की तो गुपचूप नवी कोरी फाइल तयार करतो, आणि मग ‘तक्ताच नाही’ म्हणतो. मी तासभर तक्त्यात चूक शोधत बसले. फाइल नेहमी ‘फक्त वाचण्यासाठी’ या मोडमध्ये उघडा, म्हणजे पत्ता चुकला की तो लगेच तक्रार करतो आणि चुकून काही लिहिलंही जात नाही.

दुसरा अडथळा आपल्या लिपीचा, आणि तो मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला येणार. १२ जूनला ‘कऱ्हाड’ सापडेना. डोळ्यांना दोन्ही कऱ्हाड सारखेच. पण एका कीबोर्डवरून तो ऱ एकच चिन्ह म्हणून येतो, दुसऱ्यावरून र आणि खाली नुक्ता (टिंब) असा, आणि तिसरा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारा जोडक वापरतो. युनिकोडचं (संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांचं जागतिक मानक) ‘एनएफसी’ हे प्रमाण रूप केलं की पहिले दोन एक होतात. तिसऱ्यासाठी मी स्वतः नियम लिहिला, र-हलंत-जोडक दिसलं की ऱ-हलंत करायचं, आणि त्यानंतरच उरलेली न दिसणारी चिन्हं काढून टाकायची. ॲ आणि अ वर चंद्र हे दोन एनएफसीनेही एक होत नाहीत, त्यांना वेगळा नियम. सोबत जादा जागा, टिंबं, देवनागरी आणि इंग्रजी आकडे. हे सगळं एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि फाइल बनवताना आणि शोधताना तेच फंक्शन वापरा. मी घाईत ते शोधण्याच्या बाजूलाच बदललं होतं आणि त्या दुपारी कालपर्यंत सापडणारी नावं सापडेनाशी झाली. आता फंक्शन बदललं की फाइल नव्याने बनते. नवी फाइल वेगळ्या नावाने बनवायची, दहा-बारा ओळखीची नावं शोधून तपासायची, मगच जुनीच्या जागी नाव बदलून ठेवायची. नाव बदलणं एका क्षणात होतं, त्यामुळे एन्ट्री चालू असली तरी कोणाला अर्धवट फाइल मिळत नाही. फाइलच्या आत ‘यूझर व्हर्जन’ म्हणून एक आकडा ठेवता येतो, त्यात मी तारीख लिहिते: २०२५०६१४. फोनवर कोणी अडचण सांगितली की आधी तो आकडा विचारते.

एकूण खर्च रॅमचे १,९५० रुपये आणि एक पेनड्राइव्ह. बाकी सगळी साधनं फुकट होती.

१८ जूनला देहूहून आणि १९ ला आळंदीहून पालख्या निघाल्या. आषाढी ६ जुलैला होती, आमचं पंढरपूरचं शिबिर ३ ते ५ जुलै. दर वर्षी आम्ही कागद भरून आणतो आणि एन्ट्री नंतर सोलापुरात करतो. या वर्षी पहिल्यांदाच मी सुचवलं की एन्ट्री तिथेच करू या. पेनड्राइव्हवरून २४० एमबीची फाइल आणि स्क्रिप्ट तीन लॅपटॉपवर टाकली, त्यात दोन लॅपटॉप ४ जीबीचेच होते. वारीच्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क मिळत नाही, पण इथे नेट लागतच नव्हतं.

४ तारखेला दुपारी मी तिसऱ्या टेबलामागे उभी होते. पावसाची एक सर येऊन गेली होती, मंडपाच्या कडेने चिखल झाला होता. टेबलावर बसलेली मुलगी पहिल्याच वर्षाची, कॉलेजात शिकणारी. समोर एक वारकरी मावशी, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावरचं तुळशीवृंदावन शेजारच्या बाईच्या हातात दिलेलं.

“गाव कोणतं मावशी?”

“वडगाव.”

तिने टाइप केलं. मावशी अजून पदराने तोंड पुसत होत्या तेवढ्यात स्क्रीनवर वडगावांची यादी आली, प्रत्येकासमोर तालुका आणि जिल्हा. मुलीने ती बघितली, लॅपटॉप थोडा बाजूला सरकवला आणि मावशींकडे वाकून विचारलं, “मावशी, तालुका कोणता?”

“आता मला तालुका काय ठाऊक, बाळा. बाजाराला आम्ही माजलगावला जातो.”

“मग बीड जिल्हा ना?”

“हां, बीडच.”

तिने त्या जिल्ह्यातली नावं एकेक करून वाचली. तिसऱ्याला मावशींनी मान हलवली, “हेच, हेच. आमच्या गावाबाहेर मारुतीचं देऊळ आहे बघ, तेच.” मुलीने ते निवडलं, फॉर्मवर पेनने तालुका लिहिला आणि पुढच्या माणसाला हात केला.

फेब्रुवारीतल्या त्या आजींचा उजवा डोळा मार्चअखेरीस झाला. डाव्याची तारीख जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात होती, निरोप पहिल्याच फोनला बरोबर गावी गेला.

आता सप्टेंबरमध्ये एलजीडीवरून चारही राज्यांच्या नव्या फायली उतरवायच्या आहेत, आणि अण्णांनी कन्नड लिपीतल्या रूपांची एक वही भरून ठेवली आहे, ती टाइप करायची आहे.